अकरा विरुद्ध अकरा

इमारतीच्या फाटकाजवळची लाकडी तक्रारपेटी बऱ्याच महिन्यांनी उघडली, तेव्हा तिच्यात एकही तक्रार नव्हती. केळ्याची साल, बसची दोन तिकिटं आणि कुणाचा तरी एका काडीचा चष्मा, एवढाच ऐवज निघाला. चावीकाकांनी तो समितीपुढे टेबलावर मांडला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "बास झालं. आता वेबसाइट."

चावीकाका म्हणजे इमारतीचे सचिव. उभी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या भांडारात काढली. निवृत्त झाल्यावर भांडार सुटलं, पण कमरेचा जुडगा काही सुटला नाही. पाण्याची टाकी, गच्ची, पंपाची खोली, सभागृह, जिन्याखालचं कार्यालय, सगळ्यांच्या चाव्या त्यांच्या कमरेला. कार्यालयाला दोन कुलपं. दोन्ही लावून झाली की काका ती तीनदा ओढून बघत आणि चार पायऱ्या चढून परत येऊन चौथ्यांदा ओढत. अशा माणसाच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं, असं आम्हां सगळ्यांचं मत आहे.

वेबसाइट करून दिली काकांच्या भाचीने. ती दुसऱ्या शहरात असते आणि हाच उद्योग करते. तिने फोनवर पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, स्वतंत्र पासवर्ड. आणि ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. चिमूटभरही जास्त नाही."

काका खूश झाले. "अगं, हे तर आमचं भांडारच झालं की! रंगाऱ्याला रंगाच्या खोलीची चावी, सुताराला लाकडाच्या. कुणाला कुणाच्या खोलीत पाय ठेवू दिला नाही मी कधी."

"अगदी तसंच."

तत्त्व म्हणून हे फार छान होतं. पण भांडारात सुतार कधी "मला रंगाच्या खोलीची चावी नाही म्हणजे माझा अपमान झाला" असं म्हणत नाही. इमारतीत म्हणतात.

पहिले आले मॅनेजरसाहेब. काकांच्या बरोबर खालच्या घरात राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि अजूनही दाराची बेल वाजली की "पुढचे" म्हणतात. हातातला कागद त्यांनी काकांच्या नाकासमोर धरला. "हे काय? माझ्या नावापुढे 'रहिवासी'?"

"आपण राहता ना इथे?"

"राहतो. पण झाडांना पाणी घालत नाही म्हणून तुम्ही ज्याला नोटीस दिलीत, तोही रहिवासी आणि मीही रहिवासी? माझ्या एका सहीवर बँकेची तिजोरी उघडायची, काका!"

काकांनी रात्रभर विचार केला. मग भाचीला सांगून 'विशेष निमंत्रित सहसल्लागार' असं एक नवं पद तयार करवलं. त्या पदाला अधिकार किती? रहिवाशाला होते तितकेच. पण मॅनेजरसाहेबांनी ते पद घराच्या पाटीवर रंगवून घेतलं आणि आठवडाभर सगळ्यांशी प्रेमाने वागले. हे बघून तळमजल्यावरचे औषधदुकानदार आले, त्यांना 'आरोग्य समन्वयक' केलं. मग रांगच लागली. शेवटी इमारतीत निव्वळ रहिवासी असे तिघंच उरले, आणि तेही परगावी होते म्हणून.

"मामा, ही सगळी नावं कशाला?" भाची वैतागली. "अधिकार म्हणजे मानपान नव्हे. अधिकार म्हणजे काम."

"तू इमारत चालवून बघ एकदा," काका म्हणाले.

खरा घोळ झाला तो जजसाहेबांपाशी. जजसाहेब अध्यक्ष. खरेखुरे न्यायाधीश होते, वयाने सगळ्यांत मोठे, आणि बोलताना मधे इतका वेळ थांबतात की फोनवर माणसं लाइन गेली असं समजून ठेवून देतात. त्यांना काय द्यायचं? काकांनी ठरवलं, तक्रारीचा पूर्ण मजकूर वाचण्याचा अधिकार फक्त जजसाहेबांना. सचिवालाही नाही. सचिवाने तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध आणि कशाबद्दल, एवढंच बघायचं आणि निवारण झालं की 'झालं' म्हणायचं. आत काय लिहिलंय ते अध्यक्षांच्या आणि तक्रारदाराच्या मध्ये.

भाचीने विचारलं, "पण जजसाहेब रोज लॉगिन करतील का?"

"करोत, न करोत. मान त्यांचा आहे."

"बघा हं मामा. मी मजकूर अशा रीतीने कुलूपबंद करून ठेवणार की मलासुद्धा वाचता येणार नाही. इमारतीची चावी माझ्याकडे राहील, पण कपाटाची फक्त त्यांच्याकडे."

"उत्तम!" काका म्हणाले. कुलूप म्हटलं की त्यांना बाकी काही ऐकू येत नसे.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण कार्यालयातल्या संगणकाने काकांचा एक अपमान केला. काका पंपाच्या खोलीत जाऊन आले, तर पडद्यावर त्यांचं नाव नाहीसं झालेलं आणि पुन्हा नाव-पासवर्ड मागणारी चौकट हजर. भाचीने मुद्दामच तशी सोय केली होती. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की आपोआप बाहेर. काकांनी तिला फोन लावला.

"माझ्या कार्यालयात, माझ्या खुर्चीवर, मलाच 'आपण कोण' म्हणून विचारतं!"

"मामा, तुम्ही उठून गेल्यावर तिथे दुसरं कुणी बसलं तर?"

"बसेल कोण? बाहेर दोन कुलपं आहेत."

"दिवसा?"

दिवसा कार्यालय उघडंच असे. तिथे वर्तमानपत्र येतं, पंखा चांगला आहे, माणसं येऊन बसतात. पण हा तपशील काकांना त्या क्षणी महत्त्वाचा वाटला नाही. त्यांनी हट्ट धरला, मामेपणाचा वापर केला, लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरवल्याची आठवण करून दिली. भाचीने हात टेकले आणि सचिवाच्या लॉगिनपुरती ती सोय काढून टाकली. त्या दिवसापासून कार्यालयातला संगणक सकाळी काकांच्या नावाने उघडे आणि संध्याकाळपर्यंत तसाच उघडा असे. बाहेरची दोन कुलपं मात्र काका चारदा ओढत.

त्यातून काकांनी चार रविवारांचा संगणकाचा वर्ग केला होता. त्या जोरावर त्यांनी भाचीला न विचारता एक पान स्वतः बनवलं. घराचा नंबर घातला की त्या घराने केलेल्या आणि त्या घराविरुद्ध आलेल्या सगळ्या तक्रारींचा गोषवारा समोर. पान फक्त समितीसाठी. आता ते फक्त समितीलाच दिसावं म्हणून काकांनी काय केलं? काही नाही. बाकीच्यांच्या पडद्यावर त्या पानाकडे जाणारं बटण ठेवलं नाही, बस. वाटच दाखवली नाही तर जाईल कोण, असा त्यांचा सरळ हिशेब. हाच माणूस गच्चीच्या दाराला 'प्रवेश बंद' अशी पाटी लावून वर कुलूपही घालत असे, हे इथे नमूद करायला हवं.

शेवटी त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लावला: 'ज्याच्या नावाने प्रवेश, त्याचीच कृती. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही. हुकमावरून, सचिव.'

वेबसाइट सुरू झाली आणि तक्रारींचा पूर लोटला. ज्या लोकांनी पेटीत चिठ्ठी टाकायचा कंटाळा केला होता, ते आता निबंध लिहू लागले. काकांची छाती फुगली. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, "बघ, लोकांना बोलायचं होतं. फक्त सुरक्षित जागा हवी होती."

काकू म्हणजे काकांची बायको. त्या लग्नाआधी गाणं शिकल्या होत्या. मग संसारात ते मागे पडलं. गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा एका बाईंकडे शिकायला सुरुवात केली आणि बाईंनी यंदा शिष्यांच्या कार्यक्रमात काकूंना चक्क अर्धा तास दिला होता. रोज सकाळी काकू रियाजाला बसत. आधी घाबरत, लोक काय म्हणतील म्हणून. हळूहळू आवाज मोकळा झाला. त्या अर्ध्या तासासाठी त्यांनी एक निळी साडी काढून ठेवली होती आणि रोज एकदा ती कपाट उघडून बघत.

आता औषधदुकानदार. हा मनुष्य वाईट नाही, पण त्याचं बोट एका जागी राहत नाही. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून स्वतःची तक्रार कुठपर्यंत आली ते बघत बसला होता. मागे एकदा सचिवांनी त्याला कसल्याशा गोषवाऱ्याचा दुवा फोनवर पाठवला होता, तोच त्याने उघडला. पानाच्या वर दिसणाऱ्या पत्त्याच्या शेवटी त्याच्या घराचा नंबर होता, सात. त्याने सहज सातच्या जागी आठ घातला. आठ नंबरचा गोषवारा उघडला. नऊ घातला. नऊचा उघडला. मग त्याने दुकान अर्धं बंद केलं आणि शेजाऱ्याला बोलावलं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीने अख्खी इमारत वाचून काढली. मजकूर दिसत नव्हता, पण कुणी कुणाविरुद्ध आणि कशाबद्दल, एवढं पुरेसं होतं. ज्या दोन बायका वर्षानुवर्षं एकाच वेळी भाजी आणायला जात, त्यांनी एकमेकींविरुद्ध चपलांच्या फळीबद्दल तक्रार केली होती. दोन नंबरच्या सुनेने आपल्या सासऱ्यांच्या रेडिओविरुद्ध केली होती आणि सासऱ्यांनी तिच्या मिक्सरविरुद्ध. जिन्यात माणसं एकमेकांना बघून नको इतकं हसू लागली.

आणि अकरा नंबर. अकरा म्हणजे काकांचं घर. गोषवारा असा होता: तक्रार करणारे, घर अकरा, लॉगिन सचिव. तक्रार कुणाविरुद्ध, घर अकरा. विषय, गाण्याचा आवाज. तक्रारींच्या पुरात ही ओळ काकांच्या नजरेतूनच सुटली होती.

ही बातमी काकूंपर्यंत नऊ नंबरच्या बाईंनी पोचवली, आणि अत्यंत हळहळत पोचवली. "मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

काका घरी आले तेव्हा काकू शांतपणे पोळ्या लाटत होत्या.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"समोर सांगता आलं नसतं का?"

काकांना आधी काही कळेचना. कळलं तेव्हा ते उसळलेच. "मी? अगं, मी कशाला तक्रार करीन? मला तर तुझं गाणं आवडतं! रोज जवळ बसून साथ देतो मी!"

"लॉगिन तुमचं आहे."

"ते... ते माझं आहे, पण मी केलेलं नाही."

"भिंतीवर तर तुम्हीच लिहिलंय, सबब ऐकली जाणार नाही." त्यांनी पोळी उलटली. "राहू दे. तुम्हाला त्रास होत असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

काकू रागावल्या असत्या तर काकांनी निभावून नेलं असतं. तीस-पस्तीस वर्षांत राग कसा काढायचा हे त्यांना ठाऊक झालं होतं. पण काकू सौजन्याने वागू लागल्या. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, "आणखी वाढू का" तीनदा. आणि सकाळी गाणं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन केला तो काकांनी आतल्या खोलीतून ऐकला. "बाई, माझं या वेळी राहू दे. माझ्याऐवजी दुसरं कुणी घ्या." बाई पलीकडून बराच वेळ बोलल्या असाव्यात, कारण शेवटी काकू म्हणाल्या, "बरं, शनिवारपर्यंत सांगते. पण नाहीच समजा." काका पलंगावर बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. अधिकार गेला, मान गेला, त्याचं काही नाही, पण सकाळ अशी मुकी झालेली त्यांना सहन होत नव्हती.

इलाज एकच होता. तक्रारीचा मजकूर वाचायचा. त्यावरून लिहिणारा कोण ते कळलं असतं. पण मजकूर वाचायचा अधिकार सचिवाला नव्हता, आणि तो नसावा असं सचिवाचंच म्हणणं होतं.

त्यांनी भाचीला फोन केला. तिने आधी काकांच्या हौशी पानाबद्दल त्यांना असं फैलावर घेतलं की काकांनी फोन कानापासून लांब धरला. "बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं का मामा? येणारा माणूस कोण, त्याला हक्क आहे का, हे दाराने दर वेळी स्वतः तपासायचं असतं!" तासाभरात तिने ते पान बंद केलं. मजकुराचं विचारल्यावर मात्र म्हणाली, "मी नाही वाचू शकत. तुम्हालाच हवं होतं ना तसं? जजसाहेबांना उघडायला सांगा."

मधल्या काळात समिती बसली होती. नियमाप्रमाणे सचिवाच्या लॉगिनची चौकशी व्हायला हवी, असा ठराव झाला. चौकशी कुणी करायची? ज्याच्याकडे पद मोठं आणि काम काही नाही, असा एकच माणूस होता. विशेष निमंत्रित सहसल्लागार. मॅनेजरसाहेब आधी नको-नको म्हणाले, घाम पुसला, पाणी प्यायले, मग तयार झाले. त्यांचं पहिलं पाऊल म्हणजे भाचीला कळवून चौकशी संपेपर्यंत काकांचं लॉगिन बंद. दुसरं पाऊल म्हणजे ते काकांना जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "काका, मान्य करून टाका. लोक विसरतात. मीही विसरेन."

"जे केलं नाही ते मान्य कसं करू?"

"तरीही," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि घाईने खाली गेले.

सल्ले तर इतके मिळाले की काकांना तेही वेबसाइटवर नोंदवून ठेवावेसे वाटले. औषधदुकानदाराने झोपेची गोळी सुचवली, काकूंना की काकांना ते सांगितलं नाही. नऊ नंबरच्या बाईंनी काकूंना माहेरी जायचा सल्ला दिला. दोन नंबरचे सासरे म्हणाले, "तुमच्या घरात निदान एकमेकांशी बोलतात तरी."

काका जजसाहेबांच्या दारात गेले. जजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, थांबले आणि म्हणाले, "पासवर्ड."

"हो. आपला."

"तो मी ठेवला होता." पुन्हा थांबले. "फार विचार करून ठेवला होता."

तो विचार काय होता, हे त्यांना आठवेना. त्यांनी एक घातला, चुकला. दुसरा घातला, चुकला. काका म्हणाले जरा दमानं घ्या, पण न्यायाधीशाला दमानं घ्या म्हणणं सोपं नसतं. पाचव्यांदा चुकल्यावर लॉगिनला कुलूप पडलं. 'पासवर्ड विसरलात?' या ठिकाणी बोट लावलं, तर संकेतांक घरच्या जुन्या फोनवर जाणार असं निघालं, आणि तो फोन भिंतीला टांगलेला, गोल चकती फिरवायचा. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीचा प्रश्न. 'आपले आवडते शिक्षक कोण?' जजसाहेबांनी हरकत घेतली. "प्रश्न सदोष आहे. माझे आवडते शिक्षक तीन होते. एकाचं नाव घेणं म्हणजे उरलेल्या दोघांवर अन्याय."

उरला शेवटचा उपाय. अध्यक्षांचं कुलूप सचिव काढू शकतो. पण सचिवाचं लॉगिन बंद, आणि ते उघडायचा अधिकार फक्त अध्यक्षांना. काका जजसाहेबांकडे बघत बसले आणि जजसाहेब काकांकडे. एवढी भक्कम व्यवस्था त्यांनी भांडारातसुद्धा कधी केली नव्हती.

गुरुवार उजाडला. काकूंनी निळी साडी घडी करून खालच्या कप्प्यात ठेवलेली काकांनी पाहिली. तेव्हा त्यांनी भाचीला पुन्हा फोन केला आणि या वेळी मामेपणा बाजूला ठेवून सरळ म्हणाले, "माझं चुकलं. तू सांगितलेलं सगळं मी उलटं केलं. आता तुझ्या मामीचं गाणं वाचव."

 भाची म्हणाली, "जजसाहेबांच्या लॉगिनचं कुलूप मी काढू शकते, मजकूर तेव्हाही फक्त त्यांनाच दिसेल. पण गुपचूप नाही काढणार. सगळ्यांसमोर ठराव करा, मला पडद्यावर घ्या, जजसाहेब खरे जजसाहेबच आहेत हे मला दिसू दे. आणि मामा, मजकूर वाचायला तक्रार करणाऱ्याची परवानगी लागेल."

"कागदोपत्री तक्रार करणारा मीच आहे," काका म्हणाले. "माझी परवानगी आहे."

शुक्रवारी संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. पाणी नव्हतं त्या महिन्यातही एवढी गर्दी झाली नव्हती. काकू शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या, लगेच उठून जाता यावं अशा. समोर पडद्यावर भाची. ठराव झाला. दोघा शेजाऱ्यांनी जजसाहेब हे जजसाहेबच असल्याचं सांगितलं. त्यांच्या नव्या मोबाइलवर नवा पासवर्ड ठेवायचा दुवा आला. जजसाहेबांनी चष्मा लावला आणि कोर्टात साक्ष नोंदवावी तशा खणखणीत आवाजात एकेक अक्षर म्हणत पासवर्ड टाइप केला.

"जजसाहेब!" पडद्यावरून भाची ओरडली. "सगळ्यांनी ऐकला! मी ऐकला! दुसरा ठेवा, आणि मनात!"

दुसरा मनात ठेवताना जजसाहेबांचे ओठ हलत होते, म्हणून पहिल्या रांगेतल्यांना मान वळवायला सांगितलं. शेवटी तक्रार उघडली. सभागृहात पंख्याचा तेवढा आवाज राहिला. मॅनेजरसाहेब चौकशी अध्यक्षाच्या खुर्चीत इतके खाली सरकले होते की समोरून फक्त कपाळ दिसत होतं.

जजसाहेबांनी वाचायला सुरुवात केली.

"'विषय, गाण्याच्या आवाजाबाबत. महोदय, घर क्रमांक अकरामधून रोज सकाळी बाईंचं गाणं ऐकू येतं. ते उत्तम असतं. आमच्याकडे सकाळचा चहा त्या गाण्याबरोबरच होतो आणि ज्या दिवशी गाणं नसतं त्या दिवशी चहा बेचव लागतो.'"

काकूंनी मान वर केली.

"'तथापि,'" जजसाहेब थांबले. फार वेळ थांबले. "'तथापि गेले काही आठवडे या गाण्यात एक पुरुषी आवाज मिसळू लागला आहे. सदर आवाज सुराच्या आसपास फिरतो, परंतु आत शिरत नाही. प्रथम पंपात बिघाड असावा असं समजून मी दोनदा पंप तपासून घेतला. पंप ठीक आहे. सबब सदर इसमास योग्य ती समज देण्यात यावी, जेणेकरून बाईंच्या गाण्याचा आनंद निर्वेधपणे घेता येईल. आपला विश्वासू.'"

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग मागच्या रांगेतून एक हसू आलं. ते काकूंचं होतं. तोंडावर पदर धरून त्या अशा हसत होत्या की शेजारच्या बाईंना त्यांना धरावं लागलं. मग अख्खं सभागृह हसायला लागलं. पडद्यावरची भाची टेबलाखाली गेली.

चावीकाका उभेच होते. ते निर्दोष सुटले होते. स्वतःबद्दल असं कुणीच लिहीत नाही, हे अगदी उघड होतं. पण निर्दोष सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज असतं ते काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"हे," त्यांनी घसा साफ केला, "हे माझ्या लॉगिनमधून कुणी लिहिलं?"

'जेणेकरून' आणि 'निर्वेधपणे' लिहिणारा माणूस इमारतीत एकच होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मॅनेजरसाहेब उभे राहिले.

"कार्यालयात वर्तमानपत्र वाचायला गेलो होतो. संगणक उघडा होता. वर तुमचं नाव होतं. मला वाटलं, पत्राच्या वर असतं तसं. 'प्रति, सचिव.' म्हणून खाली मी मजकूर लिहिला."

"मग मला मान्य करा म्हणून कशाला सांगितलंत? आधीच का बोलला नाहीत?"

"सांगेन सांगेन म्हणेपर्यंत मी चौकशीचा अध्यक्ष झालो होतो." मॅनेजरसाहेबांनी कपाळ पुसलं. "अध्यक्षाने स्वतःलाच बोलावून घ्यायचं कसं, याची पद्धत मला कुठे सापडेना. आणि काकूंचं गाणं बंद झालं तेव्हा तर तोंड उघडायची हिंमतच झाली नाही. काकू, माफ करा. आमच्याकडे आठवडाभर कुणी धड चहा प्यायलेला नाही."

औषधदुकानदार म्हणाला, "पंपाबद्दल मीच तक्रार करणार होतो. यांनी पंप तपासून घेतला म्हणून राहिलो."

त्यावर काकांना काय वाटलं ते न विचारलेलं बरं. भाचीने पडद्यावरूनच पुढचं सगळं उरकलं. सगळ्यांना सगळीकडून बाहेर काढलं, प्रत्येकाला नवा पासवर्ड स्वतःच्या घरी बसून ठेवायला लावला, कार्यालयाच्या संगणकाला आपोआप बाहेर पडण्याची सक्ती केली आणि मजकूर वाचायचं काम जजसाहेबांबरोबर दोन अशा माणसांना दिलं की जी रोज वाचतील. विशेष निमंत्रित वगैरे पदं एका फटक्यात गेली. मॅनेजरसाहेब घरी जाऊन पाटीवरचं पद खरवडत बसले. या वेळी कुणीही अपमान झाला असं म्हणालं नाही, कारण त्या संध्याकाळी अपमानाचा सगळा कोटा चावीकाकांनीच घेतला होता.

जिना चढताना नवराबायको दोघंच होते.

"माझं चुकलं," काकू म्हणाल्या. "नीट विचारायला हवं होतं. कागदावर बघितलं आणि तुमच्यावर विश्वास ठेवला नाही."

काका दोन पायऱ्या चढून थांबले. "सुराच्या आसपास फिरतो?"

"अहो, जाऊ द्या ना."

"पंप, म्हणे. तुला माहीत होतं?"

काकूंनी कठडा धरला आणि पायरीकडे बघितलं.

"मग सांगायचंस ना इतके दिवस!"

"काय सांगायचं?" काकू म्हणाल्या. "इतक्या हौसेने येऊन बसता तुम्ही. आपल्या घरात माझं गाणं कुणी असं बसून ऐकेल, हे मला कधी खरं वाटलं नव्हतं. मग सूर लागो न लागो."

घरी गेल्यावर त्यांनी बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रियाजाला बसल्या. सगळी खिडक्या-दारं उघडी. खालून मॅनेजरसाहेबांच्या घरात कपबशी वाजली. काका चहाचा कप घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसले, पण पाठ ताठ आणि ओठ घट्ट मिटलेले. लोकांची तक्रार होती, तिची अंमलबजावणी करणं सचिवाचं कर्तव्य होतं. काकूंचा आवाज वर चढला, मोकळा झाला, आणि काका चहात बघत राहिले.

काकू मधेच थांबल्या.

"अहो, आज गप्प का?"

"तक्रार आहे माझ्याविरुद्ध."

"ती लोकांची आहे. मी केलीय का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. काकू उठल्या. त्यांनी एकेक खिडकी लावून घेतली, दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन समोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता म्हणा."